जुने फ्लेक्स आणि खताच्या गोण्या यांपासून टिकाऊ पिशव्या शिवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

सुईदोरा (सातपूर, नाशिक):

नमस्कार. सातपूर कॉलनीतील आम्ही काही महिलांनी मिळून टाकाऊ साहित्यापासून बाजाराच्या आणि खांद्याला लावायच्या पिशव्या शिवण्याचे काम हाती घेतले आहे. आमच्यापैकी बहुतेकींना ब्लाउज, पडदे, उशांचे अभ्रे शिवण्याचा चांगला सराव आहे, त्यामुळे शिवण आम्हाला नवीन नाही. नवीन आहे ते साहित्य. मंडपवाल्यांकडून आणि छपाईच्या दुकानांतून मिळालेले फ्लेक्स, निफाडकडच्या नातेवाइकांनी दिलेल्या खताच्या व पशुखाद्याच्या गोण्या आणि एका शेततळ्याच्या अस्तराचा फाटलेला काळा प्लॅस्टिकचा कागद एवढा माल सध्या आमच्याकडे जमा आहे.

फ्लेक्स मशिनीच्या फुटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) चिकटतो, पुढे सरकत नाही आणि त्यामुळे एकाच जागी टाके दाटतात. काही ठिकाणी टाका सुटतो. गोणीची अडचण वेगळीच आहे, कारण ती कापली की कडेचे धागे, खरे म्हणजे पट्ट्या, निसटत जातात आणि दुमडून टीप मारली तरी थोड्याच वापरात शिवण उसवते. पिशवी भरून उचलली की पट्टा जिथे जोडला आहे तिथेच फ्लेक्स फाटतो, ही सर्वांत मोठी तक्रार आहे. आमच्याकडे पायमशिनी आहेत. कारखान्यातील जाड कामाची मशीन घेण्याइतके भांडवल सध्या नाही आणि ती घेतल्याशिवाय हे काम नीट होणारच नाही का, हेही जाणून घ्यायचे आहे.

याखेरीज हे साहित्य आरोग्याच्या दृष्टीने कितपत सुरक्षित आहे, विशेषतः भाजीसाठी आणि डब्यासाठी, आणि साहित्य फुकट मिळत असताना पिशवीची किंमत कशी ठरवावी, याबद्दलही अनुभवी सभासदांनी लिहावे. शेजारीपाजारी कौतुक करतात आणि एखादी पिशवी घेतातही. परंतु दुसऱ्यांदा मागायला कोणी येत नाही, याचा अर्थ आम्हाला समजतो.

दाभण (भद्रकाली):

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून काम जमेल असे वाटते. मी अनेक वर्षे रेक्झिनच्या आणि कॅनव्हासच्या शाळेच्या बॅगा शिवल्या आहेत, त्यामुळे मशीन आणि पट्टा यांबद्दलच लिहितो. रसायनाचा भाग माहितगाराने सांगावा.

पायमशीन सोडू नका. ती सावकाश चालते, सरळ टाका घालते आणि चाक हाताने फिरवून जाड जागी सुई एकेक टाका पुढे नेता येते, जे मोटारीच्या हलक्या घरगुती मशिनीवर इतके सोपे नसते. फ्लेक्सच्या दोन थरांसाठी १६ नंबरची सुई पुरते आणि पट्ट्याच्या जागी १८ नंबरची घ्यावी. सुई बोथट झाली की टाका सुटतो. कापडावर जी सुई महिनाभर चालते ती फ्लेक्सवर तितकी चालत नाही, म्हणून सुया जरा हात सैल सोडून बदलाव्यात. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा असावा. सुती दोरा ओल आणि घर्षण सोसत नाही, आणि बाजारची पिशवी तर रोजच ओली होते.

फूट चिकटण्यावर टेफ्लॉनचा फूट हा उत्तम उपाय आहे आणि तो शिलाईसामानाच्या दुकानात मिळतो. तो मिळेपर्यंत फुटाच्या तळाला कागदी चिकटपट्टी लावून सुईपुरती जागा कापून घ्यावी, किंवा फ्लेक्सवर बटरपेपरची पट्टी ठेवून तिच्यावरूनच टीप मारावी आणि नंतर ती फाडून काढावी. तेल मात्र लावू नका, कारण डाग जात नाही आणि त्यावर धूळ बसते.

आता पट्ट्याकडे वळू. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. फ्लेक्सवरच्या प्लॅस्टिकच्या थराला मात्र ती कायमचे भोक पाडते. टाके बारीक घातले, वर उलटसुलट टीप तीनतीनदा मारली, की ती ओळ टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते, आणि तिकिटे फाटावीत म्हणूनच तशी भोके पाडतात हे टपालाची तिकिटे छापणाऱ्या नाशिकरोडच्या छापखान्याच्या गावाला वेगळे सांगायला नको. त्यामुळे टाका ४ मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवा, उलटी टीप एकदाच मारा आणि दोऱ्याची टोके आत घेऊन गाठ मारा. टाचण्याही लावू नका, त्यांचीही भोके राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे पुरतात.

एवढे करूनही पट्टा फक्त पिशवीच्या तोंडाशी जोडला असेल तर तो कधीतरी फाडणारच, कारण सगळे वजन त्या दोन-तीन बोटांच्या जागेवर येते. पट्टा तळाखालून फिरवून घ्या. एकच लांब निवारपट्टी पुढच्या बाजूने वर जाऊन मूठ होते, खाली येते, तळाखालून मागच्या बाजूला जाते, तिथे दुसरी मूठ होते आणि पुन्हा तळाखाली येऊन स्वतःलाच जोडली जाते. मग वजन पट्टी उचलते आणि फ्लेक्सला फक्त सामान आत धरून ठेवायचे असते. पट्टी पिशवीच्या तोंडाला जिथे सोडते तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी आणि आतून त्याच मालाचा तुकडा ठिगळासारखा लावावा.

नवीन मशिनीचे म्हणाल, तर वरून आणि खालून दोन्हीकडून माल ओढणारी मशीन असेल तर वेग वाढतो, हे खरे. परंतु पिशवीची ताकद कापणीत आणि पट्ट्याच्या मांडणीत असते. महिन्याची मागणी पक्की झाल्यावर ती घ्यावी.

बहुवारिक (अंबड):

प्लॅस्टिकच्या कारखान्यात नोकरी झालेली असल्याने साहित्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तुमच्याकडचा तिन्ही प्रकारचा माल लोकांच्या बोलण्यात ‘प्लॅस्टिक’ या एकाच नावाखाली येत असला, तरी त्यांचे स्वभाव परस्परांच्या विरुद्ध आहेत, आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या विरळ जाळीच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर बसवलेला कागद. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळलेली असतात. उन्हात आणि उष्णतेत ती हळूहळू बाहेर पडतात आणि फलक ठिसूळ होतो. म्हणून वर्षभर चौकात टांगलेला फलक आणि एका कार्यक्रमापुरता मंडपात लावलेला फलक यांना एकाच ढिगात टाकू नये. निवड करताना कोपरा घट्ट दुमडून नखाने दाबावा. दुमडीवर तडा दिसला तर तो तुकडा पिशवीच्या कामाचा नाही. कडेला थर चिमटीत धरून ओढून पाहावेत. ते सहज सुटत असतील तर तो फलक कितीही सुंदर छापलेला असला तरी बाजूला ठेवावा. फलकाच्या चारी कडा, जिथे खिळे, कड्या किंवा गोंद असतो, त्या आधीच कापून टाकाव्यात. धुण्यासाठी साबण आणि कोमट पाणी पुरते. थिनर वापरल्यास छपाई पुसटते आणि थरही बिघडतो.

ट्रकच्या जाड ताडपत्रीशी फ्लेक्सची तुलना होते, ती पूर्णपणे बरोबर नाही. ताडपत्रीतील कापड दाट विणीचे असून त्यावर पीव्हीसीचा लेप मुरवलेला असतो, तर छपाईच्या फ्लेक्समध्ये जाळी विरळ असते. ताडपत्री मिळाली तर तळासाठी ती राखून ठेवावी.

गोणी पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्यांची विणलेली असते. तिची कड उसवू नये यासाठी गरम पात्याने किंवा सोल्डरिंगच्या सळईने कापावी, म्हणजे कड वितळून बंद होते. हे पॉलिमर साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे फार तापवावे लागत नाही. काम उघड्यावर किंवा खिडकीपाशी करावे. फ्लेक्सला मात्र गरम पाते कधीही लावू नये. पीव्हीसी तापून विघटित झाले की हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो आणि तो डोळ्यांना व श्वसनमार्गाला झोंबतो. त्याच कारणाने फ्लेक्सच्या कातरणी बंबात किंवा शेकोटीत घालू नयेत. जळणाऱ्या पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्येही तयार होतात. थंडीत पाणी तापवायला घरोघरी काहीही बंबात जाते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

गोणीची परीक्षाही सोपी आहे. नखाने खरवडल्यावर भुकटी निघाली किंवा पट्टी ओढताच तुटली, तर ती गोणी उन्हाने गेलेली आहे. युरिया पाण्यात विरघळतो, म्हणून गोणी उलटी करून दोन-तीन पाण्यांतून काढली की स्वच्छ होते. सिमेंटच्या गोण्यांची धूळ कोरडी झटकू नये. ती फुप्फुसांना अपायकारक असते आणि ओली झाल्यावर कातडीला चावते, म्हणून तोंडाला फडके आणि हातांत मोजे हवेत. कीटकनाशकांच्या आणि औषध लावलेल्या बियाण्यांच्या पिशव्या मात्र कितीही धुतल्या तरी या कामासाठी घेऊ नयेत. याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. दिसायला आणि टिकायला सगळ्यांत चांगल्या त्या पशुखाद्याच्या आणि तांदळाच्या चकचकीत छापील गोण्या, कारण त्यांच्यावर पारदर्शक थर बसवलेला असतो आणि चित्र झिजत नाही.

शेततळ्याचा कागद बहुधा ५०० मायक्रॉनचा पॉलिथिलीनचा असतो. त्याच्या आत विणलेले कापड नसते, त्यामुळे सुईच्या भोकापासून सुरू झालेली चीर पुढे पळत जाते. शिवण्यासाठी तो निरुपयोगी; परंतु तळ ताठ राहावा म्हणून पुठ्ठ्याच्या जागी घालायला त्याच्याइतके चांगले काही नाही, कारण तो भिजत नाही.

खाद्यपदार्थांबद्दल माझे मत कडक आहे. फ्लेक्स खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलाच नसतो, त्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये व शाई यांचा अन्नाशी थेट संबंध येऊ नये. डब्याची पिशवी फ्लेक्सची करायचीच असेल तर आत सुटे निघणारे सुती अस्तर द्यावे. भाजीसाठी धुतलेली पशुखाद्याची किंवा तांदळाची गोणी आणि तिला अस्तर, हे अधिक बरे. लहान मुले तोंडात घालतील अशा खेळण्याबिळण्यांसाठी फ्लेक्सचे तुकडे वापरू नयेत.

गोदाकाठ (पंचवटी):

सर्वांचा उत्साह मोडण्याचा हेतू नाही, तरी एक बाजू मांडतो. फ्लेक्सची पिशवी शिवली म्हणून फ्लेक्सचा कचरा संपत नाही, तो काही वर्षे पुढे ढकलला जातो. पॉलिएस्टर आणि पीव्हीसी एकमेकांना चिकटलेले असल्याने त्याचे पुनर्चक्रीकरण अवघड असते, आणि त्याला चेन, अस्तर, रबर जोडले की आणखी अवघड होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी स्वागताचे फलक लागतील तेव्हा शहरातील सगळ्या शिवणयंत्रांनी मिळूनही ते संपणार नाहीत. केंद्राच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर बंदी आहे, परंतु जाड फलकांचे काय, हा प्रश्न उरतोच.

त्यामुळे या कामाला ‘पर्यावरण वाचवणारे’ म्हणण्यापेक्षा ‘टिकाऊ पिशवी’ म्हणून ते विकावे, आणि ती खरोखर टिकावी. गोणीच्या पिशवीला पॉलिप्रॉपिलीनचीच पट्टी लावली आणि अस्तर सुटे ठेवले, तर ती निकामी झाल्यावर भंगारवाला तरी घेईल. आणखी एक प्रकार हल्ली दिसतो, तो म्हणजे छपाई छान दिसते म्हणून कोऱ्या, न वापरलेल्या गोण्या विकत घेऊन त्यांच्या ‘पुनर्वापराच्या’ पिशव्या करणे. हा सरळसरळ खोटेपणा आहे, आणि तुमच्या गटाने त्या वाटेला जाऊ नये अशी विनंती आहे.

रानमळा (दिंडोरी तालुका):

गोदाकाठ दादांचे म्हणणे मान्य आहे, पण आमच्या गटातील बायकांना या कामातून महिन्याचा किराणा येतो, हेही तितकेच मोलाचे आहे. मी किमतीबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली.

साहित्य फुकट असले तरी ते पिशवी होण्याच्या अवस्थेत फुकट मिळत नाही. ते आणणे, धुणे, वाळवणे, निवडणे, त्यातला खराब भाग काढून टाकणे, हा सगळा वेळ शिवण्याच्या वेळेइतकाच खरा असतो आणि नेमका तोच हिशेबातून सुटतो. उदाहरणादाखल समजा की निवार, दोरा, अस्तर आणि चेन मिळून ४५ रुपये लागले. शिवायला २ तास लागले आणि तासाला ६० रुपये धरले, म्हणजे १२०. धुण्या-निवडण्याचा अर्धा तास, ३० रुपये. सुया, वीज, ने-आण यांचे १५. बेरीज २१० होते. ही पिशवी तुम्ही ३५० रुपयांना लावली आणि दुकानदाराने ४० टक्के ठेवले, तर तुमच्या हातात बरोबर २१० येतात, म्हणजे मजुरी सुटली पण न विकलेल्या मालासाठी आणि उद्याच्या मशिनीसाठी काहीच उरले नाही. म्हणून एक तर वेळ कमी करायचा, म्हणजे एकीने फक्त कापायचे, एकीने फक्त पट्टे लावायचे, किंवा माल स्वतः विकायचा. आम्ही दोन्ही करतो. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी विनामूल्य होते, ती करून ठेवा. शहरी गटांनी महिला आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करावी, ग्रामीण गटांना ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत प्रदर्शनांत जागा मिळू शकते.

कोणाच्या कौतुकावर माल विकला जात नाही, वेगळेपणावर विकला जातो. झुरिकमध्ये १९९३ मध्ये मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग या भावांनी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या पिशव्या करायला सुरुवात केली, पट्ट्याला मोटारीचे सीटबेल्ट आणि कडेला सायकलच्या ट्यूब वापरल्या. ताडपत्रीचा तुकडा कुठला कापला यावर प्रत्येक पिशवीचे रूप ठरत असल्याने एकीसारखी दुसरी नसते, आणि लोक त्यासाठीच पैसे मोजतात. आपल्याकडे पुण्यात ‘री-चरखा’ने वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या चरख्यावर घेऊन हातमागावर विणायचे काम उभे केले आहे. तेव्हा फलकाचा कुठला भाग पुढे आणायचा, हे कात्री लावण्यापूर्वी ठरवा. नुसत्या रंगाचा पट्टा, एखादे मोठे अक्षर अर्धे कापलेले, द्राक्षाच्या घडाचा एवढासा कोपरा, असे तुकडे चटकन उचलले जातात. पुढाऱ्यांचे हसरे चेहरे कोणी विकत घेत नाही.

यातच एक नाजूक गोष्ट आहे. आपल्याकडचे निम्मे फलक उत्सवांचे असतात आणि त्यांवर देवांची, संतांची, महापुरुषांची चित्रे असतात. असा भाग पिशवीच्या तळाला किंवा आत कांदे-बटाट्यांखाली गेला तर गिऱ्हाईक दुखावते, आणि त्याचे बरोबर आहे. आम्ही फलक घेतानाच मंडळाला सांगतो की चित्राचा भाग तुम्हीच ठेवा, आम्हाला बाकीचा द्या. कंपन्यांची बोधचिन्हेही पुढे आणू नका. दुसऱ्याचे चिन्ह लावून माल विकल्याची तक्रार ओढवून घेण्यात अर्थ नाही. २०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्यांवर ‘भारत’ हे एकच नाव येत असल्याने त्या सगळ्या सारख्या दिसतात. त्यांची छापील बाजू आत घेऊन कोरी बाजू बाहेर ठेवलेली आम्हाला बरी वाटते.

माल मिळवण्यासाठी छपाईची दुकाने धरून ठेवा. चुकीचे छापलेले फलक त्यांच्याकडे पडून असतात, ते उन्हात गेलेले नसतात आणि दुकानदाराला जागा मोकळी हवी असते. महापालिकेने उतरवलेले फलक हवे असतील तर तुमच्या सातपूर विभागीय कार्यालयात गटाच्या नावाने लेखी अर्ज द्यावा. मात्र तो माल चौकातला असल्याने वर सांगितलेली दुमडीची परीक्षा केल्याशिवाय गाडीत भरू नका.

सुईदोरा (सातपूर, नाशिक):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडच्या ढिगातून ठिसूळ माल वेगळा काढायला आजच सुरुवात केली आहे. दाभण काका, तळाखालून पट्टी फिरवण्याची कल्पना समजली, परंतु मोजमाप आणि शिवण्याचा क्रम मिळाला तर गटातील सर्वजणी एकसारखे काम करू शकतील. तसेच थंडीत फ्लेक्स इतका ताठर होतो की शिवलेली पिशवी सुलटी करताना कोपरे दुखावतात. त्यावर काही उपाय आहे का?

दाभण (भद्रकाली):

बाजाराच्या पिशवीचे माप देतो. कापड एकसंध घ्यायचे, रुंदी ५० सेंटिमीटर आणि लांबी ९४. लांबीच्या दोन्ही टोकांना ३-३ सेंटिमीटर तोंडाची दुमड जाते, बाजूंना १-१ सेंटिमीटर शिवणीत जाते, आणि तळाचे कोपरे १२ सेंटिमीटर रुंदीवर तिरके शिवले की पिशवी ३६ रुंद, ३८ उंच आणि १२ खोल होते. गोणी बाजूने उघडली की तिच्यातून एवढा तुकडा सहज निघतो.

क्रम असा ठेवा: आधी तोंडाच्या दुमडी शिवायच्या, मग कापड सपाट असतानाच पट्टी लावायची, बाजू त्यानंतर आणि कोपरे सर्वांत शेवटी. बाजू आधी शिवल्या तर पट्टी लावताना हात आत जात नाही. पट्टी ३८ मिलिमीटर रुंदीची, सुमारे ३ मीटर लागते. प्रत्येक मुठीला ५५ सेंटिमीटर सोडावेत आणि जोड तळाच्या मधोमध यावा. शेततळ्याच्या कागदाचा ३५ बाय ११ चा तुकडा कापून, त्याचे कोपरे गोल करून, कापडाच्या खोळीत घालून तळाला ठेवावा; कोपरे टोकदार राहिले तर ते आतून पिशवी कापतात.

थंडीचा उपाय म्हणजे ऊन. इस्त्री फिरवू नका. डिसेंबर-जानेवारीत फ्लेक्स शिवायचा असेल तर दहा वाजेपर्यंत गच्चीवर पसरून ठेवावा आणि कोमट असतानाच काम उरकावे. त्यापेक्षा सोपे म्हणजे पिशवी सुलटी करण्याची वेळच येऊ देऊ नये: शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून तिच्यावर सुती कापडाचा किंवा जुन्या जीन्सचा गोट चढवावा. दिसतेही चांगले आणि कडही झाकली जाते.

पहिली पिशवी विकू नका. तिच्यात १० किलो तांदूळ भरून ती रात्रभर खुंटीला टांगून ठेवा आणि सकाळी मुठीच्या चौकोनापाशी भोके लांबली आहेत का ते उजेडात धरून पाहा. लांबली असतील तर आतले ठिगळ मोठे करा, आणि मगच बाकीचा माल कापायला घ्या.